वाशिष्ठीच्या काठी

चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीच्या काठी माझ्या नानीचे गाव आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सारी भावंडे तिकडेच असतो. घर कौलारू आहे. घरामागे आंबा, फणस, नारळ आणि रातांबे यांची बाग आहे.

सकाळी मामू झेल्याने आंबे उतरवतात. झेला म्हणजे लांब काठीला बांधलेली जाळी. आंबा खाली आपटला तर लवकर सडतो, म्हणून हा खटाटोप! नानी रातांबे फोडून बिया काढते. साली त्यांच्याच रसात बुडवून उन्हात वाळवते. असे पुन्हा पुन्हा केले की आमसूल तयार होते.

मे महिन्यात कोकणातले अनेक ओढे आटतात. वाशिष्ठीला मात्र पाणी असते. याचे कारण डोंगरापलीकडे आहे. कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणतात. पोफळीला त्यावर वीज तयार होते. तेच पाणी पुढे वाशिष्ठीत येते. त्यामुळे पाऊस नसतानाही नदी कधी कधी चढते. शिवाय खाली खाडीकडे मगरी आहेत.

म्हणून आम्ही नदीवर एकटे जात नाही. आम्ही पोहत असताना मामू पाण्यातल्या एका काळ्या दगडावर नजर ठेवून बसतात. पाणी दगडावर चढू लागले की ते हाक मारतात, "चला, वर या!"

एकदा मी म्हणालो, "मामू, अजून थोडा वेळ!"

"आधी वर ये, मग बोल," मामू म्हणाले.

आम्ही वर येऊन अंग पुसत होतो. तेवढ्यात काळा दगड दिसेनासा झाला.