आजोबांच्या पेटीतलं रिव्हॉल्व्हर

इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी बांधली. त्या धावपट्टीच्या गोष्टी ऐकतच मला युद्धकाळातल्या लष्करी वस्तूंचा नाद लागला. आज माझ्याकडे रिव्हॉल्व्हरची चामडी आणि कॅनव्हासची होल्स्टर आहेत, काडतुसांचे बटवे, मुठीच्या कडीत अडकवायच्या दोऱ्या, नळी साफ करायच्या सळया आहेत. रिव्हॉल्व्हर मात्र एकही नाही आणि ते जाणूनबुजून.

देवरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी मला जुन्या होल्स्टरची किंमत सांगायला बोलावलं होतं. आजोबा फौजेत होते, त्यांची लोखंडी पेटी माळ्यावरून नुकतीच खाली काढलेली. होल्स्टर उचललं आणि वजनावरूनच कळलं की ते रिकामं नाही. आत एनफिल्ड नंबर २ होतं, ब्रिटिश सैन्याने १९३२ मध्ये स्वीकारलेलं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. घरातला कॉलेजातला मुलगा ते हातात घेऊन चाप दाबून बघायला निघाला. “बाळा, बोट काढ आधी,” मी ओरडलोच. ते खाली ठेवायला लावलं आणि वाकून पाहिलं, तर मागच्या फटीतून दोन काडतुसांच्या पितळी कडा दिसत होत्या. इतकी जुनी काडतुसं बहुधा उडत नाहीत, पण कधी उडतातही. त्या ‘बहुधा’वर कुणाचा जीव टांगू नये.

“काका, हे तर अँटिक आहे, परवाना लागत नाही म्हणे,” घरचे म्हणाले. एका खरेदीदाराने त्यांना तसं सांगितलं होतं. हाच गैरसमज माणसाला तुरुंगापर्यंत नेतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी. पण दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटू शकत नाही, अशाच हत्याराला. महायुद्धातलं धडधाकट रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. उलट ०.३८० आणि ०.४५५ ही लष्करी काडतुसं ज्यात बसतात, ती रिव्हॉल्व्हरं निषिद्ध बोअरची मानली जातात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयात मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधी बंदूकही विनापरवाना बाळगल्याबद्दल किमान २ वर्षांची शिक्षा आहे.

त्या घरच्यांनी हत्याराला पुन्हा हात लावला नाही, पोलीस ठाण्याला फोन केला. पंचनामा झाला, जबाब झाले, काही दिवस घरात कुणाला नीट झोप नव्हती. पण हत्यार गेलं ते कायद्याच्या हाती, रीतसर पावती घेऊन.

म्हणून माझं सांगणं. पेटीत असं काही निघालं तर ते पिशवीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका. रस्त्यात पकडलं गेलं तर हेतू पटवून देणं अवघड जातं. पोलिसांना घरी बोलावा आणि पावती मागून घ्या. परवानाधारक वारला असेल तर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करा. वारसाला रीतसर अर्ज करता येतो. घरात परवानाधारक ज्येष्ठ असतील तर ती वेळ येऊ देऊ नका. वयाची ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे.

वस्तू विकत घेताना बटव्याचा प्रत्येक कप्पा दुकानातच उघडून बघा. एक जिवंत काडतूससुद्धा गुन्ह्याला पुरतं. रिव्हॉल्व्हरची सुटी नळी किंवा गोळ्यांची फिरती पेटी ‘शोभेची’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही बंदुकीतच येतात.

नकली मालही बराच आहे. जुन्या मालावर बाणाचा सरकारी शिक्का, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं; पण शिक्का नवाही मारता येतो, म्हणून शिवण बघा. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली आजकालचा पांढरा दोरा बहुधा लखलखतो, त्या काळचा सुती दोरा मंद राहतो. चामडं पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, बुरशी धरते. खोबरेल तेल तर अजिबात चोळू नका. पितळी बटणावर हिरवा चिकट थर आला तर लाकडी काडीने हलकेच खरवडा.

युद्धाचा इतिहास जपायला गोळी सुटणारं हत्यार घरात लागत नाही. होल्स्टर जपा, पट्टे जपा, आजोबांचं सेवापुस्तक आणि पत्रं जपा. आणि घरातली जुनी पेटी अजून उघडली नसेल, तर ती मुलांच्या हाती लागण्याआधी एखाद्या जाणत्या मोठ्या माणसासमोर उघडा.