दिवसाचे ऊन, रात्रीचे जेवण

परतूर तालुक्यातले वाटूर घ्या, की जालना जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. ऊन सगळीकडे भरपूर आहे. चैत्र-वैशाखात तर पत्र्याला हात लावला की चटका बसतो. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या दोन दिवसांत कडकडीत होतात. पण दिवस मावळला की घराघरांत चूल पेटते. पऱ्हाट्या मोडा, फुंकणी फुंका, धुराने डोळे चोळा. गॅस असला तरी सिलिंडर जपून वापरावा लागतो.

मग सहज मनात येते, दिवसाची ही ऊब रात्रीसाठी राखून ठेवता येणार नाही का? धान्य कणगीत ठेवतो, पाणी रांजणात ठेवतो, तशी उष्णता कशात ठेवावी? आज आपण हेच पाहू.

उन्हावर अन्न शिजते का?

शिजते. ही गोष्ट नवी नाही. विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईच्या हायकोर्टात नोकरीला होते. त्यांनी आरसे जोडून एक सूर्यचूल केली आणि 1878 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या चुलीवर जानेवारीच्या थंडीतसुद्धा सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजले, अशी नोंद आहे.

पुढे पेटीची सूर्यचूल आली. आतून काळी पेटी, वर दोन काचा, झाकणाला आरसा आणि आत काळे डबे. काळा रंग ऊन पितो आणि काच आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पेटीत शंभर अंशांच्या थोडी वर उष्णता होते. स्वच्छ उन्हात वरण-भात दोन-तीन तासांत शिजतो. ढवळायला नको, करपत नाही, धूर नाही.

मग घरोघरी ही पेटी का नाही?

कोणी मावशी म्हणतील, "अहो, आमचं जेवण दिवस बुडाल्यावर. त्या वेळी ऊन कुठलं? आणि पेटीत भाकर भाजते का?"

मावशींचे म्हणणे खरे आहे. भाकरीला तवा दोनशे अंशांच्या वर तापावा लागतो. पेटीत तेवढी धग नसते. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणून ऊब साठवल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

ऊब कशात साठवावी?

पाण्यात उष्णता पुष्कळ मावते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. तेवढ्याच वजनाच्या दगडाला तिचा पाचवा हिस्सा पुरतो. म्हणजे वजनाला वजन धरले तर दगडात उष्णता कमी मावते. तरी स्वयंपाकासाठी दगड बरा. असं का?

पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते आणि वाफ होऊन जाते. शिवाय उष्णता नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते. साठवलेले पाणी ऐंशी अंशांवर आले, की त्याने दुसरे पातेले उकळणार नाही. दगड मात्र अडीचशे अंशांपर्यंत तापवता येतो.

आता हिशेब करू. दहा किलो दगड अडीचशे अंशांवरून शंभरावर आला, म्हणजे दीडशे अंश उतरला.

10 × 150 ÷ 5 = 300 किलोकॅलरी.

दोन किलो पाणी पंचवीस अंशांवरून शंभरावर न्यायला 2 × 75 = 150 किलोकॅलरी लागतात. म्हणजे दगडातली निम्मी ऊब वाटेत वाया गेली, तरी दोन किलो पाण्याला उकळी येईल.

पण भाकरीचा हिशेब वेगळा आहे. अडीचशेवरून दोनशेवर येईपर्यंत त्या दगडातून फक्त 100 किलोकॅलरी निघतात. थोड्याच भाकरी होतील आणि तवा निवेल. दगड इतका तापवायला पेटी पुरत नाही, आरशांची मोठी थाळी लागते. म्हणून उगाच आशा लावू नये. भाकरीला अजून चूल किंवा गॅस हवाच.

मोठी कामे कुठे झाली?

शिर्डीला साईबाबा संस्थानाने 2009 साली आरशांच्या 73 थाळ्या बसवल्या. त्यांच्या उन्हाने पाण्याची वाफ झाली आणि वाफेवर प्रसादालयाचा स्वयंपाक शिजू लागला. राजस्थानात अबू रोड येथे 770 थाळ्या उभारून ऊब बिडाच्या जड गोळ्यांत साठवली. त्या उबेवर सूर्य मावळल्यावरही वीज करता येते.

मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात बाचा नावाचे गाव आहे. तिथे सुमारे पाऊणशे घरांना सूर्याच्या विजेवरच्या शेगड्या मिळाल्या. मुंबईच्या आय. आय. टी.ने त्या तयार केल्या. तिथे ऊब नाही, वीज बॅटरीत साठवली. इंडियन ऑइलने 2022 साली 'सूर्य नूतन' ही चूल दाखवली. तिचे पत्रे छतावर आणि शेगडी घरात. ऊब शेगडीतच साठते, म्हणून रात्रीही स्वयंपाक होतो.

आपल्या घरी आज काय करता येईल?

दगड तापवण्याआधी सोपा उपाय करा. उष्णता साठवण्याऐवजी शिजलेले अन्नच गरम राखा. आपल्या चुलीला वैल असतो. वाया जाणारी धग वापरायची अक्कल आपल्या बायांना जुनीच आहे. ही तिचीच पुढची पायरी.

1. सकाळी दहाच्या आत भिजवलेली डाळ आणि तांदूळ सूर्यपेटीत ठेवा.
2. अन्न शिजले तरी झाकण उघडू नका. चार वाजेपर्यंत पेटी उन्हाकडे फिरवत राहा.
3. मोठ्या टोपल्यात कडब्याची कुट्टी किंवा भुसा दाबून भरा. मधे पातेल्याएवढा खळगा ठेवा.
4. पेटीतले गरम पातेले झाकणासकट खळग्यात ठेवा. वर जुनी वाकळ चार पदरी घाला.

भुशात आणि वाकळीत हवा अडकून राहते. अडकलेली हवा ऊब जाऊ देत नाही. सात-आठ वाजता वरण वाढा. त्या वेळी चूल फक्त भाकरीपुरती पेटेल. जळण वाचेल, धूर कमी होईल, आणि माउलीच्या हाती घटकाभर मोकळा वेळ राहील.

पावसाळ्यात ढग आले की पेटी चालणार नाही. तरी टोपले चालते. डाळीला चुलीवर चांगली उकळी आणा, दहा मिनिटे उकळू द्या आणि मग टोपल्यात ठेवा. ती आतल्या उबेवर शिजत राहते.

जपावे

- टोपल्यातले अन्न त्याच रात्री संपवा. ते कोमट झाले असेल तर पुन्हा उकळा. कोमट अन्न लवकर नासते.
- ओढ्यातला ओला दगड तापवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो आणि तुकडे उडतात.
- फार तापलेला दगड भुशात ठेवू नका, भुसा पेटेल. त्याच्याभोवती कोरडी राख घाला.
- आरशाच्या थाळीकडे टक लावून पाहू नका. मुलांना दूर ठेवा.

ऊन कोणाच्या मालकीचे नाही. ते सावकाराकडून आणावे लागत नाही. ते धरून ठेवायची युक्ती मात्र शिकावी लागते. ती आज शिकलो, उद्या शेजारणीला सांगू.

अभ्यास

1. पेटीत भाकर का भाजत नाही?
2. वाकळीने पातेले गरम का राहते?
3. पंधरा किलो दगड दोनशे अंशांवरून शंभरावर आला, तर किती किलोकॅलरी उष्णता निघेल?
4. तुमच्या घरी संध्याकाळच्या स्वयंपाकाला किती जळण लागते? आठवडाभर मोजा आणि वहीत लिहा. मग टोपले वापरून पुन्हा मोजा.