आखातात इंग्रजी शिकवायला जाताय? आधी घरभाडं कोण देणार ते विचारा

महिना ४,००० दिरहम. हिंगोलीत बसून हा आकडा ऐकला की आपण लगेच २३ ने गुणतो, ९२ हजार रुपये होतात आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. जरा थांबा. ऑफर लेटर हातात घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा: घर कोण देणार, पगार बारा महिन्यांचा की दहा, आणि एकूण रकमेत मूळ पगार किती. तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील तर ९२ हजारांना काही अर्थ नाही.

हिशोब करून पाहा. जेवणाला ७०० दिरहम आणि बस, फोन, वरखर्च मिळून ४०० धरा. शाळेने घर दिलं तर हातात २,९०० उरतात, म्हणजे सुमारे ६६,७०० रुपये. घर दिलं नाही आणि शेअरिंगच्या खोलीला १,५०० गेले, तर उरले १,४००. झाले ३२,२०० रुपये. आता उन्हाळी सुटीचे जुलै-ऑगस्ट बिनपगारी आहेत असं धरा. दहा महिन्यांचे मिळाले ४०,०००. त्यातून दहा महिन्यांचा खर्च आणि सुटीतलंही खोलीभाडं वजा करा, उरतात ११,०००. गावी येण्या-जाण्याच्या विमानाचे तीस हजार रुपये काढले की महिन्याला सरासरी साडेअठरा हजार रुपये शिल्लक. इकडे माध्यमिक शिक्षण सेवकाचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून १८,००० रुपये आहे. त्यातून त्याला घरही चालवावं लागतं, हा फरक आहेच. पण तीन वर्षांनी तो नियमित वेतनश्रेणीत जातो. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. पवित्र पोर्टलमधून लागलेली किंवा अनुदानित शाळेतली नोकरी ४,००० दिरहमसाठी सोडू नका. विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर तुटपुंज्या पैशांत राबत असाल, बी.एड. असेल, आणि घरासह ऑफर मिळत असेल, तर जरूर जा.

कोणत्या शाळेत जागा मिळू शकते, हेही नीट समजून घ्या. 'इंग्रजी शिक्षक हवेत, पगार दहा-बारा हजार दिरहम' अशा जाहिरातींत खाली बारीक अक्षरांत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांचा पासपोर्ट मागितलेला असतो. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी तिथे पासपोर्ट बघतात. हा अन्याय आहे. पण १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स करून तो दूर होत नाही, त्यावर पैसे घालू नका. तुमच्यासाठी खरी दारं आहेत ती सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळांची: ओमानमधल्या भारतीय समाजाच्या शाळा, सौदीत जेद्दा आणि रियाधच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूल, दुबई-शारजा-अबुधाबीतल्या खासगी भारतीय शाळा. तिथे पदवी, बी.एड. आणि अनुभव पाहतात. या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणून कागदांची तयारी दिवाळीत सुरू करा, मार्चमध्ये नाही.

कागदपत्रं

पासपोर्टची सरकारी फी ३६ पानांना १,५०० रुपये, तत्काळ ३,५००. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र ५०० रुपये. दोन्ही पासपोर्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः भरता येतात. त्यासाठी कोणाला दोन-तीन हजार देण्याची गरज नाही. तुम्ही दहावीच्या पुढे शिकलेले आहात, त्यामुळे 'एमिग्रेशन क्लिअरन्स काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, तुम्हाला तो लागत नाही.

खरा घोळ नावात होतो. आपल्या दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, पदवीवर आईचंही नाव, पासपोर्टवर वेगळाच क्रम, आणि लग्नानंतर बायकांचं आडनावच बदललेलं. आखातातला कारकून हे 'आपल्याकडे असंच असतं' म्हणून सोडून देत नाही. पासपोर्ट काढण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडा. स्पेलिंगमधलं एक अक्षर वेगळं असलं तरी आताच दुरुस्त करून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी असेल तर दीक्षान्त समारंभानंतरचं मूळ पदवी प्रमाणपत्र काढा, तात्पुरतं चालत नाही. त्यावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. सौदी, ओमान, बहारीनसाठी अपोस्टिल होतं, त्याची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर सेवा देणाऱ्या संस्थेचा आकार. अमिराती, कुवेत, कतारसाठी पुढे त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. अमिरातीत पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं कागदामागे १५० दिरहम घेतं. पदवी आणि बी.एड. मिळून ३०० दिरहम, जवळजवळ सात हजार रुपये. हे शाळा भरणार की तुम्ही, आधीच विचारा. अटेस्टेशन करून देणारे एजंट सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतात. त्यांच्याकडून सरकारी फी वेगळी आणि त्यांचा मेहनताना वेगळा, असं लिहून घ्या. या सगळ्याला दोन महिने धरून चाला.

मुक्त विद्यापीठाची किंवा दूरशिक्षणाची बी.एड. असेल तर 'ही चालेल का' याचं उत्तर शाळेकडून ईमेलवर घ्या. तोंडी 'हो' वर अटेस्टेशनचा खर्च करू नका. अनुभवाचं खोटं पत्र तर मुळीच जोडू नका. पडताळणीत ते सापडतं, आणि तेव्हा तुम्ही परक्या देशात असता.

सौदी, कुवेतसारख्या देशांची वैद्यकीय तपासणी 'वाफिद' पोर्टलवरून नेमून दिलेल्या केंद्रातच होते, हिंगोलीच्या कोणत्याही दवाखान्यात नाही. मुंबई किंवा हैदराबादची एक फेरी धरा. जुन्या क्षयरोगाचा डाग एक्स-रेत दिसला तरी 'अनफिट' होऊ शकता. तसा इतिहास असेल तर बाकी पैसे घालण्याआधी छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा.

एजंटला किती द्यायचे

भारत सरकारकडे नोंदणी असलेला भरती एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३५,४००. पावतीसह. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागणं बेकायदा आहे. नोंदणी खरी आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं, घरबसल्या, फुकट. शाळा थेट मुलाखत घेत असेल तर मधल्या माणसाला काहीच द्यायचं नसतं. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे भरतीचा आणि व्हिसाचा खर्च शाळेने करायचा असतो, शिक्षकाकडून तो वसूल करता येत नाही. सौदीतही इकामा (निवास परवाना) आणि वर्क परमिटची फी मालकाची. कोणी दीड-दोन लाख मागत असेल, त्यासाठी तुम्ही हळदीच्या पट्टीचे पैसे मोडणार असाल किंवा बायकोचे दागिने गहाण टाकणार असाल, तर तो सौदा तिथेच थांबवा.

आणखी एक जुना डाव. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ.' व्हिजिट व्हिसावर शिकवणं हा गुन्हा आहे आणि दंड तुम्हाला होतो. अमिरातीत तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर निघाल्याशिवाय निघू नका. तिथे सहीला येणारा करार त्याच्याशी जुळायला हवा.

करारात मूळ पगाराला इतकं महत्त्व का? नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी अमिरातीत फक्त मूळ पगारावर मोजतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा. एक वर्ष पूर्ण झालं नाही तर काहीच नाही. एका शाळेने ४,००० पैकी ३,२०० मूळ दाखवले, दुसरीने १,६००. तीन वर्षांनी पहिलीकडून ६,७२० दिरहम मिळतील, दुसरीकडून ३,३६०. फरक ७७ हजार रुपयांचा, आणि महिन्याचा पगार दोन्हीकडे सारखाच. ओमानमध्ये २०२३ च्या कायद्याने दरवर्षी एका महिन्याचा मूळ पगार मिळतो.

प्रोबेशन अमिरातीत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतो. त्या काळात देश सोडायचा तर १४ दिवसांची नोटीस, तिथेच दुसरीकडे जायचं तर एक महिन्याची. न सांगता निघून आलात तर पुढच्या व्हिसाला अडथळा येतो. कुवेतमध्ये खासगी नोकरीवर असलेल्यांना जुलै २०२५ पासून देशाबाहेर पडायलाही परवाना लागतो, सुटीचं तिकीट काढण्याआधी तो घ्या.

घर आणि कुटुंब

'शेअर्ड अकोमोडेशन' म्हणजे एका खोलीत किती जण, स्वयंपाकघर आहे का, वीज-पाणी-एसीचं बिल कोणाचं, शाळेच्या बसने जाता येतं का, हे विचारा आणि त्याच घराचा व्हिडिओ मागा. महिला शिक्षकांनी तर हे टाळूच नये. दुबईत स्वतः घर घेणार असाल तर भाड्याशिवाय साधारण ५ टक्के दलाली, ५ टक्के अनामत, वीज-पाण्याची २,००० दिरहम अनामत, आणि वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क दरमहा बिलातून जातं. पत्रे मारून केलेल्या पार्टिशनच्या खोल्या बेकायदा आहेत. स्वस्त पडतात, पण कारवाई झाली की रात्रीतून रस्त्यावर यावं लागतं. नोकरी गेल्यास भरपाई देणारा विमा अमिरातीत सक्तीचा आहे, महिना ५ दिरहम, तो तुम्हीच काढायचा. विसरलात तर ४०० दिरहम दंड.

कुटुंब नेणार असाल तर गणित पूर्ण बदलतं. अमिरातीत त्यासाठी किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि घर लागतं. सौदीत प्रत्येक अवलंबितामागे महिना ४०० रियाल सरकारला भरावे लागतात. पत्नी आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. शिवाय तिथे जवळजवळ प्रत्येक खरेदीवर १५ टक्के व्हॅट आहे, अमिरातीत ५ टक्के. शिक्षकाच्या पगारात पहिलं वर्ष एकट्याने जाणं शहाणपणाचं.

पगारावर कर तिकडे लागत नाही, पण तारीख पाहून निघा. आर्थिक वर्षात तुम्ही १८२ दिवस भारतात राहिलात, म्हणजे सप्टेंबर संपल्यावर गेलात, तर त्या वर्षी तुम्ही इथलेच रहिवासी ठरता आणि तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. एप्रिलमध्ये गेलात तर हा प्रश्न येत नाही. निघताना बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ करून घ्या आणि एनआरई खातं उघडा, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. पैसे पाठवताना फी किती यापेक्षा भाव किती लावला ते पाहा, कमाई तिथे कापली जाते.

पासपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवायला देऊ नका, अमिरातीत तो मालकाने अडकवणं बेकायदा आहे. परतीच्या तिकिटाचे पैसे हिंगोलीतल्या खात्यात वेगळे ठेवा. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करा. भारतातून १८०० ११ ३०९० आणि अमिरातीतून ८०० ४६३४२ हे दोन्ही क्रमांक फुकट आहेत, घरच्यांकडेही लिहून ठेवा. आणि नोकरीचा व्हिसा हातात आल्याशिवाय इथल्या शाळेत राजीनामा देऊ नका.