डोक्यावर ऊन, तरी नावा किनाऱ्याला का?

प्रश्न : आम्ही बंगळूरला राहतो. एप्रिल-मेमध्ये इथली सकाळ गार असते आणि अधूनमधून संध्याकाळी एखादी सर येऊन जाते. मध्यंतरी मुलांना घेऊन हलसूर तलावावर गेलो होतो. डोक्यावर ऊन होते, तरी शिट्ट्या वाजवून सगळ्या नावा परत बोलावल्या गेल्या. पाऊस त्यानंतर बऱ्याच वेळाने आला आणि तोही चार थेंबांचा. एवढ्याशा सरीसाठी इतकी घाई कशाला? सुट्टीत आम्ही करमाळ्याला जाणार आहोत. तिथे उजनीच्या पाण्यावर नावेतून फिरायचे मुलांच्या मनात आहे. त्यासाठी हवामानाचा अंदाज कसा वाचावा? शिकागोची माझी बहीण म्हणते की वसंतात खरी भीती गार पाण्याची. ते इकडेही लागू पडते का? – एक वाचक, बंगळूर

उत्तर : तुमच्या तिन्ही शंकांची किल्ली एकच आहे. वळवाची सर माणसाला फक्त भिजवते. नाव उलटवतो तो सरीच्या आधी धावत येणारा वारा. शिट्टी वाजली ती त्या वाऱ्यासाठी. तो येतो कुठून, हे आधी पाहू.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे, म्हणून एप्रिलातही पहाटे हवेत गारवा असतो. या गारव्यामुळे दिवसभर हवा अशीच राहील असे वाटते. पण दुपारपर्यंत जमीन चांगली तापते, पारा 34 अंशांच्या आसपास जातो आणि जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. याच महिन्यांत दक्षिण भारताच्या अंतर्भागात एकीकडून कोरडी आणि दुसरीकडून समुद्रावरची दमट हवा येऊन भिडते. चढणाऱ्या हवेला ही बाष्पाची शिदोरी मिळाली की दोन-तीन तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. म्हणूनच वळीव बहुधा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी गाठतो, सकाळी क्वचित.

आता या ढगातून पाऊस सुटतो. खालची हवा अजून कोरडी आणि तापलेली असते, त्यामुळे बरेच थेंब वाटेतच सुकतात. पाणी सुकताना भोवतालची उष्णता घेते. माठ गार होतो तो याच कारणाने. अशी गार झालेली हवा जड होते आणि ढगाखालून वेगाने कोसळते. जमिनीवर आपटल्यावर तिला खाली जायला वाट उरत नाही, म्हणून ती चहूबाजूंना पसरते. ढगापासून दूर धावणारा हा गार हवेचा लोट म्हणजेच तुमच्या शिट्टीचे कारण.

हा लोट पावसाच्या पुढे धावतो, कधी दहा-वीस किलोमीटरही. ढग मागडी किंवा रामनगरच्या बाजूला असेल, हलसूरवर ऊन असेल, आणि तरी त्या ढगाने ढकललेला वारा तलावावर येऊन थडकेल. पुढे तो ढग वाटेतच विरला, तर शहरात चारच थेंब पडतील किंवा एकही पडणार नाही. म्हणून पाऊस किती पडला यावरून इशारा खरा की खोटा हे ठरवता येत नाही. त्या दिवशी पाऊस कमी पडला, एवढ्यावरून शिट्टी चुकली असे म्हणू नका.

हा वारा अचानक येतो हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. वाऱ्याचा वेग एकदम ताशी किमान 29 किलोमीटरने वाढला, 40 किलोमीटरच्या वर गेला आणि निदान मिनिटभर टिकला, तर हवामानशास्त्र त्याला चंडवात मानते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 15 वरून 45 वर गेला, म्हणजे तिप्पट झाला, तर नावेवरचा दाब नऊपट होतो. शिवाय पाण्यावर झाडे-घरे नसल्याने वाऱ्याला अडवणारे काही नसते. किनाऱ्यावर जी झुळूक वाटते, तीच पाण्याच्या मध्यावर झोडपणारा वारा असू शकते.

येण्याआधी तो खुणा देतो, पण त्या फसव्या असतात. बऱ्याचदा लोट पोचण्यापूर्वी वारा अगदी पडतो. ‘बघा, हवा शांत झाली’ असे म्हणत लोक नेमके तेव्हाच आणखी आत जातात. दुसरी खूण मातीच्या वासाची. तो हवाहवासा वास बहुतेक वेळा याच लोटाबरोबर दुसरीकडे पडलेल्या पावसातून येतो. पाण्यावर असताना तो आला, तर वारा आधीच पोचला असे समजा. क्षितिजावर धूळ उठणे, झाडांचे शेंडे एकाएकी हलणे, ढगाच्या खालच्या बाजूला काळी आडवी कड दिसणे या खुणाही ओळखून ठेवा. आणि गणित पाहा : ताशी 40 किलोमीटरने येणारा लोट दहा किलोमीटर अंतर पाव तासात कापतो. तेवढ्या वेळात वल्ह्याची नाव जेमतेम एक किलोमीटर जाते. हलसूरसारख्या शहरी तलावात तेवढ्यात किनारा गाठता येतो, पण मोठ्या जलाशयात तो लांबच राहतो.

म्हणून उजनीचा विचार वेगळा करावा लागतो. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि पाण्यावरून किती अंतर मोकळा धावला. भीमेवरचा हा जलाशय इतका पसरलेला आहे की वाऱ्याला धावायला भरपूर जागा मिळते. त्यातच अशा पाण्यावर अचानक उठलेल्या लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांबट नसतात; त्या आखूड, उभ्या आणि एकामागोमाग येणाऱ्या असतात. एका लाटेतून नाव सावरते न सावरते तोच दुसरी येते आणि पाणी आत शिरते. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जणांचा जीव गेला. एक पोलीस अधिकारी पोहून किनाऱ्याला लागले. ही त्या दोन काठांमधली नेहमीची वाहतूक होती. महिना मे, वेळ संध्याकाळची, पाणी मोकळे : आपण आतापर्यंत पाहिलेले सारे तिथे एकत्र आले होते. तुम्ही त्याच भागात जाणार आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता अंदाज वाचण्याविषयी. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे असेल, तर त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. हे वर्णन पावसाच्या विस्ताराचे आहे, जोराचे नाही. तुरळक ठिकाणचा वळीवही नाव उलटवू शकतो. मोबाइलवरचा ‘30 टक्के’ हा आकडाही असाच गैरसमज करतो. दिवसातला 30 टक्के वेळ पाऊस पडेल किंवा तो हलकाच असेल, असा त्याचा अर्थ नाही. आपल्या ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता दहात तीन, एवढेच तो सांगतो. नावेत बसणाऱ्याने हा आकडा बाजूला ठेवून दोनच गोष्टी शोधाव्यात : ‘मेघगर्जनेसह’ हा शब्द आणि ‘ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाचे वारे’ असा उल्लेख. दोन्ही असतील, तर दुपारनंतर पाण्यावर जाऊ नये, मग इशाऱ्याचा रंग पिवळा असो वा नारिंगी.

सकाळचा अंदाज सगळ्या जिल्ह्यासाठी आणि दिवसभरासाठी असतो. कोणत्या तळ्यावर किती वाजता वादळ येईल, हे तो सांगू शकत नाही, कारण तो ढग तेव्हा जन्मलेलाही नसतो. त्यासाठी हवामान खाते पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज देते. निघण्यापूर्वी तो जरूर पाहावा. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप मोफत मिळते. आपल्या आसपास वीज पडत असेल तर ते सावध करते. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे नावेत बसलेली माणसेच असतात, म्हणून वीज ही वाऱ्याखालोखालची भीती. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. ती किती किलोमीटरवर आहे ते कळेल. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पाण्याबाहेर पडून पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरू नका.

तुमच्या बहिणीचे म्हणणे तिच्या जागी अगदी बरोबर आहे. मिशिगन सरोवराचे पाणी एप्रिलात चार-पाच अंशांच्या आसपास असते. त्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच बेताल होतो आणि हातपाय लवकर बधिर होतात, म्हणून तिथे हवेपेक्षा पाण्याच्या तापमानाप्रमाणे कपडे घालतात. आपल्याकडे मेमधले पाणी कोमट असते, ती भीती नाही. पण ‘पाणी उबदार आहे, पोहता येते, मग जॅकेट कशाला’ हा निष्कर्ष मात्र चूक. उभ्या लाटांत तोंडात पाणी जाते आणि पट्टीचा पोहणाराही दमतो. त्यामुळे जीवरक्षक जॅकेटचा नियम दोन्हीकडे सारखाच : ते अंगात घालून पट्टे आवळलेले हवे. नावेच्या तळाशी ठेवलेले जॅकेट उलटल्यावर हाती लागत नाही.

काही जण मेच्या सरींना लवकर आलेला मोसमी पाऊस समजतात. बंगळूरच्या मेची पावसाची सरासरी जूनपेक्षा थोडी जास्तच आहे, त्यामुळे हा समज होणे साहजिक आहे. पण मोसमी वारा एकाच दिशेने सलग वाहतो, किनाऱ्यावरूनच त्याचा जोर कळतो आणि जायचे की नाही हे आधी ठरवता येते. वळीव तशी सवलत देत नाही.

तेव्हा मुलांना जरूर न्या, पण सकाळी लवकर जा आणि ऊन चढायच्या आत परता. हलसूरवर फिरा किंवा उजनीवर, नाव किनाऱ्याच्या जवळून न्यायला सांगा, नावेत ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त बसू देऊ नका आणि प्रत्येक मुलाच्या मापाचे जॅकेट आहे ना, हे निघण्याआधी पाहा. नावाडी ‘आज नको’ म्हणाला, तर जास्त पैसे देऊन त्याचे मन वळवू नका. रोज त्याच पाण्यावर असलेल्या माणसाला दूरचा ढग आपल्याआधी दिसतो, आणि त्याचा नकार मानायला आपल्याला फक्त एक सहल पुढे ढकलावी लागते.