चित्रनळीची कथा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, हे दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. त्या दरवाजांपैकी एक पैठण गेट होय. तेथून निघणारा रस्ता दक्षिणेस पैठणकडे जातो, म्हणून त्यास हे नाव मिळाले. या दरवाजाच्या आसपास आणि जवळच्या गुलमंडी व औरंगपुरा या भागांत सायंकाळी मोठी वर्दळ असते. कोणी नवा मोबाइल पाहत असतो, कोणी जुना दुरुस्तीस टाकत असतो. एखादे कुटुंब दूरचित्रवाणी संचांच्या रांगेपुढे उभे राहून किमतीचा विचार करीत असते.

अशा ठिकाणी मतांना तोटा नसतो. "महाग असेल तेच टिकेल," असे एकजण सांगतो. "छे, अहो, पैसे नुसते नावाचे घेतात!" असे दुसऱ्याचे म्हणणे पडते. एखादे आजोबा नव्या संचाची कड बोटाने दाबून पाहतात आणि म्हणतात, "आमच्या वेळचा माल दणकट होता. हे सारे कचकड्याचे!" नातवाला मात्र जुना संच म्हणजे निव्वळ खोके वाटते. गंमत अशी, की यांपैकी कोणीही त्या वस्तूच्या आत काय आहे हे पाहिलेले नसते.

पूर्वीची यंत्रे याबाबतीत उदार होती. याच शहरात खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. सतराव्या शतकात डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून येथे उंचावरून सोडले गेले. पाण्याच्या धारेने चाक फिरे, चाकाबरोबर जाते फिरे आणि धान्य दळले जाई. ही क्रिया लहान मुलालाही उभ्या उभ्या समजे. पीठ जाडसर आले तर दोष कोठे आहे हे शोधता येई. दूरचित्रवाणी संचाचे तसे नाही. त्याचे चांगलेवाईट ठरवायचे तर त्याचे झाकण मनाने तरी उघडावे लागते.

पैठण गेटहून निघालेला रस्ता शहराबाहेर पडला, की वाटेत चिटेगाव लागते. शेतमालाच्या व्यापारात वाढलेल्या धूत कुटुंबाने १९८० नंतरच्या दशकात येथे दूरचित्रवाणी संचांचा मोठा कारखाना उभारला. नंदलाल माधवलाल धूत हे त्याचे संस्थापक. जपानमधील तोशिबा या कंपनीचे तांत्रिक साहाय्य त्यांनी घेतले आणि संचाला 'व्हिडिओकॉन' हे नाव दिले. मुहूर्तही चांगला साधला होता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. परंतु पुढे दहा वर्षे पडद्यावरचे चित्र कृष्णधवलच राहिले. १५ ऑगस्ट १९८२ पासून देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी दिल्लीत भरलेले आशियाई सामने लोकांनी रंगांत पाहिले. १९८४ च्या सुमारास गावोगावी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. घरी संच ठेवण्यासाठी लागणारा सरकारी परवानाही त्याच दशकाच्या मध्यात रद्द झाला. मग संचांना मागणी का वाढू नये?

२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी संच असे, त्याच्या घरी आळीतील सारी मुले जमत. चित्र अंधूक झाले की कोणीतरी गच्चीवर चढून अँटेना फिरवी आणि खालून दुसरा ओरडे, "थांब, थांब! आलं... गेलं!" डोळे बिघडतील, मुले वाचनास मुकतील, शेजारधर्म बुडेल, अशी मते तेव्हाही होती. ती सगळीच चुकीची होती असे नव्हे. त्याचबरोबर परदेशी संच तो खरा, देशी तो तात्पुरता, असेही पुष्कळांस वाटे. तथापि लोक चिटेगावचा संच हप्त्यांनी का होईना घरी आणीत, त्यावर भरतकामाचा रुमाल पसरीत आणि कित्येक वर्षे वापरीत.

त्या संचाच्या पोटात होती चित्रनळी. लोक तिला पिक्चर ट्यूब म्हणत. तिचा मूळ शोध जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ साली लावला. ही एक मोठी, जाड काचेची, नरसाळ्याच्या आकाराची नळी असे. तिच्यातील हवा काढून घेतलेली असे. नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाशी एक लहानसा धातूचा भाग तापवला, की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या दाबाने ते पुढे खेचले जात आणि पडद्याच्या आतील लेपावर आदळत. जेथे आदळत, तेथे लेप क्षणभर चमके. म्हणजे पडद्यावर एका वेळी उमटे तो केवळ एक प्रकाशबिंदू!

मग पूर्ण चित्र कसे दिसे? नळीच्या मानेभोवती तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवलेल्या असत. त्यांतून वाहणाऱ्या विजेमुळे चुंबकीय बल निर्माण होई आणि ते इलेक्ट्रॉनांच्या झोताला डावीकडून उजवीकडे, वरून खाली असे फिरवी. शेतकरी नांगराची तासे घालतो, त्याप्रमाणे हा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ घाली. भारतातील पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी असत आणि दर सेकंदाला अशी २५ चित्रे काढली जात. गुणाकार केला तर एका सेकंदात १५,६२५ ओळी होतात. डोळ्याला इतका वेग पकडता येत नाही. म्हणून आपणांस सलग, हलणारे चित्र दिसे. रंगीत संचात तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांसाठी तीन झोत असत.

या आकड्याशी एक मजेदार गोष्ट निगडित आहे. त्या काळी अनेक घरांत लहान मूल तक्रार करी, "आजोबा, टीव्ही बारीक शिट्टी वाजवतोय." आजोबा कान देऊन ऐकत आणि म्हणत, "काहीतरीच काय! मला नाही ऐकू येत." बाकीची मोठी माणसेही मान हलवीत आणि मुलाचे बोलणे थट्टेवारी जाई. वस्तुतः मूल खरे बोलत असे. झोत सेकंदाला १५,६२५ वेळा फिरत असल्यामुळे संचातील काही भाग तितक्याच वेगाने कंप पावत आणि अतिशय उंच स्वर निघे. लहान वयात असा स्वर ऐकू येतो. वय वाढले की कानाची ही शक्ती कमी होते. घरातील सर्वांचे मत एक होते आणि एकट्या मुलाचे वेगळे. तरीही शिट्टी होतीच.

आता आजोबांच्या दुसऱ्या मताकडे वळू. जुना संच खरोखरच दणकट होता काय? त्यातील भाग सुटे आणि मोठे होते. पेठेतील कारागीर मागचे झाकण काढी, जळालेला भाग डोळ्यांनी किंवा मीटरने हुडकी आणि नवा भाग झाळून बसवी. त्याच्या अंगी सावधपणाही लागे. कारण संच बंद केला तरी नळीत विजेचा भार साठून राही आणि आधी तो जमिनीकडे वाहून न नेल्यास जबर धक्का बसे. दुरुस्ती होत असल्यामुळे संचाचे आयुष्य वाढे, इतके आजोबांचे म्हणणे रास्त आहे.

परंतु त्यात एक चूकही आहे. जे संच चार-पाच वर्षांत निकामी झाले, ते केव्हाच भंगारात गेले. आज एखाद्या घरी तीस वर्षांचा संच दिसतो, तो टिकला म्हणूनच दिसतो. टिकलेल्यांवरून साऱ्यांचा टिकाऊपणा ठरवला, तर हिशेब चुकतो. शिवाय २१ इंची नळीचा संच वजनाने सुमारे वीस किलो किंवा त्याहूनही अधिक भरे आणि त्याला साधारणतः ७० ते १०० वॅट वीज लागे. त्याहून मोठ्या, ३२ इंची चपट्या पडद्याचे काम आज ५० वॅटच्या आसपास भागते.

मत चुकते ते केवळ ग्राहकाचेच असे नाही. २००५ साली व्हिडिओकॉनने थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा विकत घेण्याचा करार केला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने मराठवाड्यात मुळे असलेल्या एका उद्योगाच्या हाती येणार होते! त्या वेळी चपट्या पडद्याचा संच फार महाग होता. भारतासारख्या देशांत सामान्य माणूस अजून पुष्कळ वर्षे नळीचाच संच घेईल, असा अंदाज बांधणे अगदीच अवास्तव नव्हते. पण घडले निराळेच. चपट्या पडद्यात द्रवस्फटिक नावाचा पदार्थ वापरतात. मागून येणारा प्रकाश तो कोठे अडवतो, कोठे जाऊ देतो, आणि त्यातून चित्र तयार होते. जपान, कोरिया व तैवानमधील कारखाने काचेचे अधिकाधिक मोठे तक्ते वापरू लागले आणि एका तक्त्यातून अनेक पडदे कापू लागले. त्यामुळे किंमत झपाट्याने उतरली. २००७ सालच्या अखेरच्या तिमाहीत जगात नळीच्या संचांपेक्षा द्रवस्फटिकाचे संच प्रथमच अधिक विकले गेले. विकत घेतलेले नळ्यांचे कारखाने काही वर्षांतच थंडावले.

पुढे २०१८ च्या जून महिन्यात व्हिडिओकॉन कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. केवळ चित्रनळीमुळे असे झाले, हे म्हणणे बरोबर होणार नाही. मोबाइल सेवा, खनिज तेल अशा अनेक धंद्यांत या समूहाने मोठमोठी कर्जे घातली होती. परंतु धनको, वकील आणि न्यायाधिकरण यांच्या कागदांत जो विषय आकड्यांचा होता, तो चिटेगावच्या परिसरात पगाराचा होता.

आजच्या चपट्या संचात नळी नाही. तेथे एक संगणकच येऊन बसला आहे. त्यात प्रक्रियक आहे, स्मृती आहे आणि आज्ञावलीही आहे. त्यामुळे वस्तू म्हातारी होण्याची रीतच बदलली. पूर्वी एखादा भाग जळला म्हणजे संच बंद पडे. आता पडदा उत्तम असतो, आवाज चांगला असतो. पण कंपनी नवी आज्ञावली पाठवणे थांबवते आणि त्यावरील कार्यक्रम एक एक करून चालेनासे होतात. मोबाइलचेही तेच. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून फोन निवडणारे पुष्कळ असतात. परंतु भिंग कसे आहे, प्रकाश टिपणारा भाग केवढा आहे, यांवर छायाचित्र अधिक अवलंबून असते. आणि नवी आज्ञावली किती वर्षे मिळेल, बॅटरी बदलता येईल काय, सुटे भाग मिळतील काय, हे प्रश्न तर क्वचितच कोणी विचारतो. विजेच्या खर्चापुरती एक सोय झाली आहे. संचावरील तारे पाहून तो समजतो. दुरुस्तीबाबत ग्राहकाला माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू केले.

राहता राहिली जुनी चित्रनळी. तिच्या काचेत शिसे घातलेले असे. कारण वेगवान इलेक्ट्रॉन आदळल्यावर निघणारे क्ष-किरण शिशामुळे आतच अडत. प्रेक्षकाचे रक्षण करणारे हेच शिसे नळी फोडून उघड्यावर टाकली तर माती व पाणी दूषित करू शकते. पूर्वी याला एक उपाय होता. जुन्या नळ्यांची काच वितळवून तिच्याच नव्या नळ्या करीत. गुजरातमध्ये भरूच येथे व्हिडिओकॉन समूहाची काचेची मोठी भट्टी होती. अमेरिकेतील जुन्या नळ्यांची काचसुद्धा जहाजांनी तेथे येई. नव्या नळ्यांची मागणी संपली, तशी त्या काचेची गरजही संपली.

देशात २०१२ पासून विद्युत कचऱ्याचे नियम लागू आहेत. त्यांप्रमाणे असा संच नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो बहुधा दारावर येणाऱ्या भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. भंगारवाला झाकण उघडतो आणि नळीच्या मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी पाहून भाव सांगतो. "आणि काचेचे काय?" असे घरातील मुलाने विचारले, तर तो हसून म्हणतो, "बाळा, ती कोणी घेत नाही."