चि. ओंकारला, मिशनवर निघण्यापूर्वी

॥ श्री ॥

तात्यापारा, रायपूर

चि. ओंकार यास,


तुझी पलटण दक्षिण सुदानला निघणार असल्याचं ताईने, तुझ्या आईने, सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तू पलटणीत धर्मगुरू होतास, तूच त्याला चार शब्द लिही." तुझ्या नावाने ती रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणते. अशा प्रार्थनेला देव खरंच ओ देतो का, असं मागच्या छुट्टीत तू मला विचारलं होतंस. देतो, यावर माझी श्रद्धा आहे. पण कशी देतो, हे नीट समजून घे.

मे २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये कैलाहून इथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरच्या आपल्या शांतिसैनिकांना बंडखोरांनी वेढलं. २२२ जवान, बहुतेक ५/८ गोरखा रायफल्सचे, आणि सोबत ११ लष्करी निरीक्षक. शस्त्रं खाली ठेवा म्हणून दबाव आला. मेजर राजपाल पुनिया आणि त्यांच्या जवानांनी ती ठेवली नाहीत. वेढा ७५ दिवस चालला. त्या दिवसांत कितीजणांनी महाकालीला हाक मारली असेल आणि इकडे किती घरांत नवस बोलले गेले असतील! उत्तर आलं ते जुलैच्या धो धो पावसात, 'ऑपरेशन खुकरी'च्या रूपाने. ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरं, आपल्या हवाई दलाचे वैमानिक, पॅरा कमांडो, १८ ग्रेनेडिअर्स, घाना आणि नायजेरियाचे सैनिक असे कितीतरी हात एकत्र आले. १६ जुलैपर्यंत वेढ्यातले सगळे बाहेर पडले. देवाने ओ दिली ती अशी, माणसांच्या हातून.

मात्र त्याच मोहिमेत हवालदार कृष्णकुमार यांना वीरमरण आलं. आणि असं पूर्वीही झालं आहे. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या शांतिसेनेत असताना एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गोरखा घेऊन कितीतरी मोठ्या शत्रूवर तुटून पडले. वाट मोकळी झाली, पण ते परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शांतिसेनेतल्या कामगिरीसाठी हा मान मिळालेले ते एकटेच. या दोघांच्या घरची पूजा कमी पडली, असं म्हणायची तुझी जीभ रेटेल का? म्हणून जो परतला त्याची प्रार्थना खरी आणि जो गेला त्याची वाया, हा हिशेब कधी करू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत आपले १७० हून अधिक सैनिक कामी आले आहेत. इतकं बलिदान दुसऱ्या कुठल्याच देशाने दिलेलं नाही.

मग मागायचं काय? मी पलटणीत असताना गस्तीला निघण्याआधी जवान आमच्या सर्व धर्म स्थळात, म्हणजे सगळ्या धर्मांच्या प्रार्थनेच्या जागी, यायचे. बूट बाहेर काढायचे, अर्धा मिनिट डोळे मिटायचे, कपाळाला टिळा लावून घ्यायचे आणि निघायचे. आत येताना ज्याच्या हाताला कंप असे, तो बाहेर जाऊन बुटाची नाडी नीट घट्ट बांधत असे. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रार्थनेचं पहिलं फळ हेच, की मन ठिकाणावर येतं. शांतिसेनेची निळी टोपी घातलेल्या शिपायाला याची गरज सर्वांत जास्त. समोरचा डिवचत असताना बोट ट्रिगरवरून दूर ठेवायचं आणि निष्पाप जिवावर कुणी चालून आलं तर मागे हटायचं नाही, हे दोन्ही त्यालाच साधावं लागतं.

दुसरं फळ याहून मोठं. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली, तेव्हा हजारो लोक जीव मुठीत धरून संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर धावले. १९ डिसेंबरला अकोबोच्या छोट्या तळावर सशस्त्र जमाव चालून आला. आसऱ्याला आलेल्या लोकांबरोबर आपले दोन जवानही तिथे कामी आले. कडेवर पोर घेऊन फाटकाशी धावत येणारी बाई तिच्या देवाला हाक मारत असते. तिला समोर दिसतो तो तुझ्यासारखा एक शिपाई. ताईची रामरक्षा तुझ्यासाठी आहे, तसा तू त्या बाईसाठी आहेस. हे ज्याला कळलं, त्याला देव ओ देतो का हा प्रश्न पडत नाही.

तेव्हा तिथे गेल्यावर रोज सकाळी दोन मिनिटं हात जोड. मंदिर परेड चुकवू नकोस. तिथल्या लोकांचं चर्च असो वा मशीद, तिथे मान लववूनच वागायचं. दिवा लावला म्हणून हेल्मेट आणि जॅकेट घालायचा कंटाळा करू नकोस. तोही देवाचाच अपमान. आईला आठवड्यातून एकदा फोन कर. आणि देवाकडे "मला वाचव" इतकंच मागून थांबू नकोस. "माझ्या भरवशावर असलेल्यांना वाचवायचं बळ दे" हेही माग.

तुझा,
मामा