दारातली फट आणि इंटरनेटची तार



या लेखातला प्रश्न मोताळ्यात गेल्या हिवाळ्यात घडलेल्या एका प्रसंगातून निघाला, म्हणून तो प्रसंग आधी सांगतो. आमच्या मशिदीतले एक वयस्क नमाजी मक्याचे पैसे हाती आल्यावर घरच्या इंटरनेटचे बिल भरायला सेवादाराच्या दुकानात गेले. दुकानात आणखी तीन-चार माणसे बसलेली होती. पैसे घेता घेता तिथल्या तरुणाने संगणकाच्या पडद्याकडे पाहिले आणि सहज म्हटले, "चाचा, तुमच्याकडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेट चालतं. मोठा प्लॅन घ्या आता." बसलेली माणसे हसली. चाचा हसले नाहीत. रात्री लवकर निजणारे ते. घरात नेट वापरणारी दुसरी व्यक्ती म्हणजे बारावीतली लेक. त्या रात्रीपासून मोबाइल त्यांच्या उशाखाली गेला. मुलीला कारण सांगितले नाही, तिला काही विचारलेही नाही.

चार दिवसांनी तिच्या आईकडून उलगडा झाला. मुलगी प्रवेश परीक्षेची व्याख्याने पाहत होती. घरात मोबाइल एकच आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर. मग रात्रीखेरीज तिला दुसरी वेळ कोणती?

चाचा तावातावाने दुकानात गेले. "माझ्या घरातली गोष्ट चारचौघांत बोलायची परवानगी तुला कोणी दिली?" तरुणाने कपाटातून अर्ज काढून पुढे ठेवला. "सही तुमचीच आहे ना?" सही त्यांचीच होती. अर्ज चार पानांचा, इंग्रजीत, बारीक अक्षरात. इशानंतर चाचा त्याची प्रत घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मौलाना, मी यात काय कबूल केलंय तेवढं सांगा." माझे इंग्रजी बेताचे, एका शिकलेल्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन तो अर्ज वाचला. ग्राहकाच्या वापराची माहिती सेवा सुधारण्यासाठी नोंदवली जाईल आणि कंपनीच्या सहयोग्यांना दिली जाऊ शकेल, अशा अर्थाचे एक वाक्य तिसऱ्या पानावर सापडले. दुकानात बसलेल्यांना ती सांगितली जाईल, असे मात्र कोठेही नव्हते.

आता प्रश्न असा: ही संमती झाली काय? आणि दोष नेमका कशात आहे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. सूरह अन्-नूरच्या २७ व्या आणि २८ व्या आयतीत श्रद्धावंतांना शिकवण दिली आहे, की दुसऱ्याच्या घरात अनुमती घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि परत जा असे सांगितले गेले, तर परत जावे. 'परत जा' म्हणणाऱ्याने कारण द्यावे, अशी अट तिथे नाही. नकार हा घरमालकाचा हक्क आहे. पण ही अनुमती कशासाठी? सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत सहल बिन सअद (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या घरात होते, हातात केस विंचरण्याचे टोकदार साधन होते. एक माणूस दाराच्या फटीतून आत डोकावला. प्रेषितांना (स.) ते समजले तेव्हा त्यांनी त्याला अतिशय कठोर शब्दांत सुनावले, आणि अनुमती घेण्याचा नियम नजरेमुळेच ठरवला गेला आहे, असे स्पष्ट केले.

वाचकहो, या हदीसवर थोडे थांबा. तो माणूस घरात शिरला नव्हता. त्याने काही उचलले नव्हते, कोणाला काही सांगितलेही नव्हते. त्याने फक्त पाहिले होते. आपण मात्र आजही अपराध मोजतो तो पाऊल आत पडल्यावर, वस्तू गेल्यावर. 'नुसते पाहिले तर काय बिघडले?' या प्रश्नाचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी दारातल्या त्या फटीपाशीच मिळालेले आहे.

इंटरनेटची तार ही तशीच एक फट आहे. सेवादाराला तिच्यातून काय दिसते, हे नीट समजून घेतले पाहिजे. काही लोक घाबरून अतिशयोक्ती करतात, काही जण काहीच दिसत नाही असे समजतात. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला मोबाइल आधी त्या नावाचा पत्ता विचारतो. हा पत्ता सांगणारी नोंदवही बहुधा सेवादाराचीच असते, म्हणून कोणत्या स्थळावर गेलात हे त्याला सामान्यतः कळते. पत्त्यापुढे कुलूप असलेल्या स्थळांवर आत काय वाचले, काय लिहिले, हे त्याला दिसत नाही. कुलूप नसेल तर तेही दिसू शकते. किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा वापरला, हे तर त्याच्यासमोर उघडेच असते. कोणी मध्यरात्री एखाद्या रोगाविषयीचे स्थळ उघडावे, कोणी कर्ज देणाऱ्याचे, कोणी वकिलाचे. आतले एक अक्षर न वाचताही घराचे दुखणे समजते.

येथे सेवादाराची बाजूही मांडली पाहिजे. काही नोंदी ठेवणे त्याला बंधनकारक आहे. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि अशा नोंदी किमान दोन वर्षे जपण्यास सांगितले. तेव्हा नोंद का ठेवली, म्हणून दुकानातल्या तरुणाशी भांडण्यात अर्थ नव्हता. पण त्याच परवान्यात ग्राहकाच्या माहितीची गोपनीयता राखण्याची जबाबदारीही घातलेली आहे. शरीअतच्या भाषेत ही नोंद अमानत आहे. बोलता बोलता माणसाने इकडेतिकडे वळून पाहिले, तर त्याचे ते बोलणे ऐकणाऱ्याकडे अमानत ठरते, अशी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. 'कोणाला सांगू नका' असे तोंडाने म्हणण्याचीही गरज नाही. (दुसऱ्याचे पत्र विनापरवानगी वाचण्याविषयीची हदीस या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तीही अबू दाऊदमध्ये आहे. परंतु खुद्द इमाम अबू दाऊद यांनी तिची परंपरा दुर्बल असल्याचे नोंदवले आहे, म्हणून मी तिच्यावर भार टाकत नाही. फटीची हदीस पुरेशी आहे.)

आता सहीकडे वळू. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत परस्परांची मालमत्ता अयोग्य मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि वैध मार्ग म्हणून उभयतांच्या राजीखुशीने होणारा व्यापार सांगितला आहे. आपल्या मराठीतला 'राजी' हा शब्द त्याच अरबी धातूचा; 'रजा' आणि 'राजीनामा' हेही त्याच कुळातले. राजीनामा म्हणजे मुळात राजी असल्याचा लेख. पुढे मराठीत त्याचा अर्थ हक्क सोडल्याचा लेख असा झाला. इंटरनेटचा अर्ज हाती घेतला की मला या शब्दाचा प्रवास आठवतो.

राजी होणे ही मनाची अवस्था आहे, सही ही तिची खूण. अवस्थाच नसेल तर खूण कशाची? फिक्हमध्ये याविषयी एक प्रसिद्ध सूत्र आहे, जे उस्मानी काळातील 'मजल्ला' या संहितेत कलम ६७ म्हणून आले आहे: जो गप्प आहे त्याच्या तोंडी कोणतेही विधान घालता येत नाही, मात्र जिथे बोलणे आवश्यकच आहे तिथले मौन हे बोलणे समजले जाते. या दुसऱ्या भागाचा आधार घेऊन 'ग्राहकाने हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य केले' असे कोणी म्हणेल. पण हरकत घ्यायची तर आधी गोष्ट कळायला हवी. जी गोष्ट तिसऱ्या पानावर परक्या भाषेत लपलेली आहे, तिच्याबाबत तो गप्प राहिलेला नाही. त्याला ती विचारलेलीच नाही.

याहून मोठा धडा सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कर्जाचा लेख कसा करावा, हे सांगणारी ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत. तिच्यात लेखनिकाने न्यायाने लिहावे अशी आज्ञा आहे, आणि मजकूर कोणी सांगावा? ज्याच्यावर देणे चढणार आहे त्याने. तो दुर्बल असेल वा सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे. म्हणजे ज्याच्यावर बंधन येणार, लेख त्याच्याच तोंडून उतरतो. म्हणून त्यात त्याला न समजलेले काही राहूच शकत नाही. आपल्या काळात हा क्रम पूर्ण उलटा झाला आहे. बलवान पक्ष मजकूर लिहितो आणि दुर्बलाने खाली अंगठा टेकवायचा. व्यवहारात वरचेवर फसणाऱ्या एका सहाबींना, सौदा करताना 'यात फसवणूक नको' असे म्हणत जा, ही शिकवण प्रेषितांनी (स.) दिली होती, ती बुखारीत आहे. भोळेपणाचा फायदा घेणे हे चातुर्य नव्हे, हे त्यातून उमगते.

तथापि चाचांनाही मी एक गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना आवडली नाही. न वाचता सही करणे हा आपला दोष आहे. बैल घेताना दात पाहणारा माणूस अर्ज घेताना डोळे मिटतो. करार पाळा, असे सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. ज्याला करार पाळायचा आहे त्याने तो आधी जाणून घ्यायला नको काय?

ही तक्रार एकट्या मोताळ्याची नाही. जून २०१५ मध्ये बंगळूरूच्या एका संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की एअरटेलच्या जोडणीवरून पाने उघडताना मूळ पानात नसलेली संगणकीय आज्ञावली त्यांत घुसवली जात होती. ग्राहकाला आपला डेटा किती वापरला हे कळावे यासाठीचा तो प्रयोग होता, असे कंपनीचे म्हणणे होते. पण ग्राहकाला कोणी विचारले होते? उलट ती यंत्रणा बनवणाऱ्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीच्या वतीने त्या तज्ज्ञालाच कायदेशीर नोटीस गेली. फट दाखवणाराच आरोपी झाला. नोटिशीशी आपला संबंध नसल्याचे एअरटेलने तेव्हा सांगितले.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे मुस्लिम प्रो हे ॲप घ्या. त्याच्या वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या अमेरिकी कंपनीकडे जाते आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार आहेत, असे वृत्त नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ॲपच्या चालकांनी सैन्याला माहिती विकल्याचे नाकारले आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. किब्ला शोधण्यासाठी दिलेला ठावठिकाणा किब्ल्यापुरताच होता. एका कामासाठी दिलेली अनुमती दुसऱ्या कामाला चालत नाही.

आपल्या देशाचा कायदाही आता याच दिशेने बोलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी लागते. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. आणि तिची मागणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय असला पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आपला आयोग बुलढाण्यातच आहे.

चाचांच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. मी त्या तरुणाला भेटलो. बोलण्यातून जाणवले की आपण काही चुकीचे केले, हेच त्याच्या मनात आले नव्हते. मोठा प्लॅन विकायचा, एवढेच त्याला दिसत होते. त्याने चाचांची माफी मागितली आणि ग्राहकांकडे तोंड असलेला संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला.

राहिली ती मुलगी. सूरह अल्-हुजुरातच्या १२ व्या आयतीत आधी संशयापासून दूर राहण्याची आणि लगेच पुढे पाळत ठेवू नका अशी आज्ञा आहे. संशय आधी येतो, पाळत त्याच्या मागून. आईवडिलांना संस्काराचा हक्क आहे, लहान मुलाच्या हाती मोबाइल देऊन डोळेझाक करा असे कोणी म्हणणार नाही. पण लोकांच्या झाकलेल्या गोष्टींमागे लागलात तर त्यांना बिघडवाल, असा इशारा प्रेषितांनी (स.) हजरत मुआविया (रजि.) यांना दिला होता, हे अबू दाऊदमध्ये आहे, आणि मला तो घरालाही लागू वाटतो. मी चाचांना विचारले, "दुकानदाराने तुमची माफी मागितली. तुम्ही लेकीला काय म्हणालात?" ते काही बोलले नाहीत, अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि चपला घालून निघाले.

हल्ली ते शेतावर जाताना मोबाइल घरी ठेवून जातात. बायको जेवणाचा डबा घेऊन गेली की निरोप तोंडी पोहोचतो.